भिंतीकडचं चाक

८ नोव्हेंबर

वहिनी,

सुरुवातीला 'सौ.' लिहायचं की 'ती.' यात एक कागद वाया गेला. 'सौ.' लिहावं तर तुला राग येईल असं वाटलं. न लिहावं तर मीच परस्पर काहीतरी ठरवून टाकल्यासारखं झालं असतं. म्हणून नुसतं 'वहिनी'. हे तर कुणाला खोडता येणार नाही.

तुझा निरोप मिळाला. बसच्या ड्रायव्हरने दाराशी हॉर्न वाजवून मला बाहेर बोलावलं आणि सगळ्या प्रवाशांदेखत ओरडून सांगितलं, "वहिनीने सांगितलंय, गाडीचे मागचे ब्रेक नीट कर. झाले की कळव. ती येऊन गाडी घेऊन जाईल." 'घेऊन जाईल' हे तूच म्हणालीस की त्याने पदरचं घातलं, एवढं विचारायचं होतं. तोवर बस निघाली. दादा तेव्हा एका टेंपोखाली होता. त्याचा पाना थांबला आणि मग पुन्हा चालू झाला. एवढंच.

काकू तू सोडून गेलीस तशीच अंगणात आहे. (मी अजून गाडीला काकूच म्हणतो. तुझ्या वडिलांनी ती तुझ्या हवाली केली त्या दिवशी तू म्हणालीस, बसलं की अगदी माझ्या काकूसारखी कण्हते, तेव्हापासून तिचं दुसरं नाव तोंडात येत नाही.) ताडपत्री काढली तर काचांवर आतून वाफ धरलेली. जणू इतके दिवस आत बसून कुणीतरी श्वास घेत होतं. मी दार उघडून थोडा वेळ तसाच उभा राहिलो, त्या कुणालातरी बाहेर पडायला जागा दिल्यासारखा.

गाडी नेहमीसारखी तोंड आत करून शेडमध्ये लावली आणि मागची दोन्ही चाकं काढली. ड्रम पालथ्या पातेल्यासारखा असतो हे तू पाहिलं आहेस. आत दोन शू. आपण पाय दिला की ते फाकतात, ड्रमला आतून घासतात आणि गाडी थांबते. लांब उतारावर सगळी धग त्या पातेल्यातच कोंडते. ड्रम आतून निळा पडला होता. पाण्यावर तेल सांडलं की कडेला जसा निळा दिसतो, तसा. मी तो उन्हात फिरवून फिरवून बघत होतो. ब्रेक सुटले त्या दिवशीचा सगळा घाट त्या निळ्यात उतरला होता.

एक गोष्ट नवलाची वाटली. शूवरचं लायनर अजून बरंच शिल्लक होतं, तरी शू ड्रमपासून लांब उभे होते, रुसल्यासारखे. कशामुळे ते कळलं नाही. प्रत्येक तुकडा पुसला, चिठ्ठी बांधली आणि खोक्यात ठेवला. मला माहीत आहे तू हसशील. पण चिठ्ठी नसली की मला घास उतरत नाही.

आता मुख्य गोष्ट. जुने ब्रेक मी दुरुस्त करणार नाही. मागे डिस्क बसवणार आहे. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो, ती उतारावर कोंडून तापत नाही. दादाला सांगितलं.

"मागे डिस्क?" तो म्हणाला. "काकूला या वयात कशाला नटवतोस?"

"वारा लागतो दादा."

"पुढे डिस्क आहेत ना वारा लागायला. मागे ड्रमच बरे. हँडब्रेक आयता त्यातच असतो. तो काढलास की चढावर काय, चाकाला दगड लावणार?"

"हँडब्रेकवाले कॅलिपर मिळतात."

"मिळतात की. शोधलं तर आकाशातले तारेही मिळतात." मग हात पुसत म्हणाला, "काय करायचं ते कर. मी हात लावणार नाही."

मी हे पत्र लिहितोय ते त्याला माहीत नाही. पेटीत मी स्वतः टाकीन.

भावजी


२० नोव्हेंबर

वहिनी,

उत्तराची घाई नाही. पत्र पोचलं असेल असं धरून लिहितो.

कॅलिपर मिळाले, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारे जबडे. भंगारात काकूच्याच घराण्यातली, पण जरा मोठी गाडी पडली होती. पुढून पार चेपलेली, मागून मात्र नव्या नवरीसारखी. तिच्या मागच्या डिस्क, कॅलिपर, हँडब्रेकच्या केबली, सगळं उतरवून आणलं. तिथे गवत सीटपर्यंत वाढलं होतं आणि गाड्यांच्या आरशांत ढग चालले होते. काम संपलं तरी पाय निघेना.

कॅलिपर काकूच्या दांड्यावर आपोआप बसत नाही. मध्ये पोलादी पट्टी लागते, भोकं नेमकी पाडलेली. ती सूतरावाकडून करून घेतली. (सूतराव म्हणजे नाक्यावरचा लेथवाला, तू गेल्यावर त्याने दुकान मोठं केलं. अजूनही सगळं सुतातच मोजतो, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात.) त्याने विचारलं, "वहिनी गेल्यापासून तुझा दादा किती सूत वाळला रे?" मी म्हटलं, मोजलं नाही. तो म्हणाला, "मी नजरेने मोजलं. चार सूत. पट्टा एक भोक आत गेलाय." हे तुला कळावं म्हणून लिहिलेलं नाही. सूतराव म्हणाला म्हणून लिहिलं.

पट्ट्यांवर आणि कॅलिपरांवर रंगाने खुणा केल्या, 'भिं' आणि 'र'. आपल्याकडे डावं-उजवं चालत नाही हे पाहून तू पहिल्या आठवड्यात पोट धरून हसली होतीस. पण बाबांचंही बरोबरच होतं. गाडीखाली उताण्या पडलेल्याचं डावं वेगळं, आणि बाहेरून पाना देणाऱ्याचं डावं वेगळं, आणि त्यावरून त्यांची सगळ्या मदतनिसांशी भांडणं झालेली. म्हणून त्यांनी ते शब्दच बंद केले. गाडी शेडमध्ये तोंड आत करून लागते. मग एक चाक भिंतीकडचं, एक रस्त्याकडचं. भिंत काही जागा सोडत नाही आणि रस्ताही नाही. मला तर बाहेर कुणी 'उजवीकडे वळा' म्हटलं की अजूनही आधी आपली भिंत आठवावी लागते.

काकूला आता मी फिरवून मागे घेत घेत आत लावली आहे. शेडच्या आतल्या टोकाला खिडकी आहे, बाकावरची पकडही तिथेच, आणि काम मागच्या चाकांचं. सकाळी खिडकीतून ऊन येतं ते नेमकं चाकांच्या जागी पडतं. लोखंडी घोड्यांवर चढवली की ती जरा तरंगल्यासारखी दिसते.

हल्ली पहाटे ढग उतरतात. तुझ्या गावाकडून येतात, म्हणजे तुझ्या खिडकीवरून गेलेले असणार. ढगाला कसले आलेत ब्रेक, पण आपल्या दाराशी येऊन अलगद थांबतात. मी दार उघडून त्यांना थोडं आत घेतो. दादा ओरडतो, "दार लाव, हत्यारं गंजतील." मग स्वतःच दाराशी उभा राहून वर बघतो. वर काही दिसत नाही. घाट दिसत नाही, तुझं गाव तर नाहीच. तरी बघतो.

टॅक्सीवाला परवा आला होता. तोच तो, त्या दिवशी हजर असलेला. त्याचा विनोद अजून संपलेला नाही. "बाईमाणसाचा पाय ब्रेकवरून उठत नाही, काय मालक?" दादा त्या दिवशी जे सगळ्यांसमोर बोलला आणि ज्यावरून तू निघून गेलीस, तेच तो त्याला परत ऐकवतो. पाय ठेवून बसलीस, ब्रेक तापवलेस, सुटले, गाडीचा काही दोष नाही. दादा आता हसत नाही. पण त्याला गप्पही करत नाही.

भावजी


४ डिसेंबर

वहिनी,

बसलं. चिठ्ठीप्रमाणे, खुणेप्रमाणे, भिंतीकडचं भिंतीकडे, रस्त्याकडचं रस्त्याकडे. प्रत्येक नट आवळला, त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे हलला तर कळेल. मग पुन्हा आवळून पाहिला. मग रेघ ओली असताना बोट लागलं म्हणून पुन्हा ओढली. डिस्कमध्ये तोंड दिसतं. लांबट, आणि डोळे फार एकमेकांजवळ. मी खरंच असा दिसतो का?

हँडब्रेकच्या केबलला जरा जास्तच वळसा द्यावा लागला. उसन्या सामानात इतकं चालायचंच. ब्रेक ऑइल सोडायचं निपल मात्र छान खालच्या अंगाला आलं आहे. बाटली लावायला सोयीचं.

आता नळीतली हवा काढायची. तुझ्याशिवाय हे काम पहिल्यांदा करतोय. यात माणसं दोन लागतात, एक पायाशी आणि एक चाकाशी. मी खालून म्हणायचो "दाब", तू म्हणायचीस "दाबलं". "धर." "धरलं." "सोड." "सोडलं." आणि मध्येच मासिकाचं पान उलटल्याचा आवाज. एकदा तू "सोडलं"च्या जागी "मेला तो शेवटी" म्हणालीस आणि मी घाबरून बाहेर आलो, तर गोष्टीतला कुणीतरी मेला होता.

दादाला विचारलं. "हात लावणार नाही म्हटलं ना."

"हात नको, पाय लाव."

यावर तो हसला असता पूर्वी. आता मी एकटाच सीटला फळी टेकवून पेडल दाबून ठेवतो, उतरतो, चाकाखाली जातो, निपल ढिलं करतो, आवळतो, पुन्हा चढतो. बाटलीत पारदर्शक नळी सोडली आहे. ऑइल नवं आहे, मधासारखं. त्यातून बुडबुडा येतो तो सावकाश येतो. नळीच्या वळणाशी थांबतो, विचार करतो, मग एकदम सुटतो. मी कुशीवर पडून ते बघत असतो आणि दुपार कशी जाते कळत नाही.

काल तसाच पडल्यापडल्या डोळा लागला. स्वप्नात घाट काचेच्या नळीचा होता. आपलं घर खाली बाटलीत होतं. काकू नळीतून वर वर जात होती, आवाज न करता, आणि चालवत तू होतीस. मी खालून "धर, धर" म्हणत होतो. तू काच खाली केलीस आणि काहीतरी सांगितलंस. जागा झालो तर हातातली बाटली कलंडली होती आणि बाही ओली.

भावजी


१३ डिसेंबर

वहिनी,

पेडल उशीसारखं आहे. दाबलं की जातं, जातं, आणि कुठेच पोचत नाही.

पुन्हा हवा काढली. पुन्हा. ऑइलचे डबे रिकामे झाले. प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहिला, फडकं कोरडंच. गळती नाही. मुख्य सिलिंडर उघडला, धुतला, नवे रबर घातले. बाटलीत आता एकही बुडबुडा येत नाही, तरी पेडल मऊ. कुठेतरी हवा आहे आणि ती मला दिसत नाही. मी शेडमध्ये उभा राहतो तेव्हा वाटतं ती माझ्याकडे बघतेय.

दादा जाता-येता एकदा पाय देऊन गेला. पेडल सोडताना त्याने पाय अगदी हळू उचलला, झोपलेल्या मुलावरून हात काढावा तसा. मला वाटलं काय चुकलंय ते सांगेल आता. नाही सांगितलं.

आता एक लिहितो. खोडणार नाही असं ठरवून लिहितो, कारण खाडाखोड केलेला कागद तू परत द्यायचीस, स्वच्छ लिहून आण म्हणून. आठवीत शाळा सुटली त्यानंतरची माझी शाळा तूच.

तू फक्त ब्रेक नीट कर म्हणाली होतीस. ते चार दिवसांचं काम होतं. डिस्क चांगल्या असतात हे खरं आहे, वाऱ्याचंही खरं आहे. पण काम लांबावं असं मला वाटत होतं, हेही खरं आहे. गाडी झाली की तू येशील, आणि घेऊन जाशील. मग या घरात तुझं काही उरणार नाही, की ज्यासाठी निरोप यावा. दादा आणि मी समोरासमोर बसून जेवतो आणि ताटलीचा आवाज होऊ नये म्हणून जपतो. असं आम्ही किती दिवस राहू मला माहीत नाही. मला भीती वाटते.

आणि आता गाडी खरोखरच होत नाही. मागितलं ते मिळालं म्हणायचं.

जमलं नाही तर जुने ड्रम परत बसवून देतो. सगळे तुकडे चिठ्ठ्यांसकट खोक्यात आहेत.

भावजी


२१ डिसेंबर

वहिनी,

तुझं कार्ड आलं. पत्ता सोडून एकच ओळ. 'काकूचं तोंड कुठे आहे?'

खाली नाव नाही, बरे आहात का नाही. पण अक्षर तुझं. मी ते शेडमध्ये घेऊन गेलो. आधी वाटलं तू चेष्टा करतेस. मग काकूसमोर उभा राहिलो. तिचे दिवे माझ्याकडे बघत होते. मी दारात होतो आणि तिचं तोंड दाराकडे होतं.

वहिनी, मी तिथेच खाली बसलो.

मीच तिला उलटी आत घेतली होती. भिंत जागा सोडत नाही, पण गाडी फिरली. माप घेतलं, खुणा केल्या तेव्हा तिचं तोंड आत होतं. नंतर भिंतीकडे जे चाक आलं ते आधी रस्त्याकडचं होतं. कॅलिपर एकमेकांच्या जागी बसले, म्हणजे दोन्ही उलटे, डोकं खाली पाय वर. निपल वर असायला हवं होतं. हवा नेहमी वर जाते. मी खालून ऑइल काढत बसलो आणि ती वरच्या कोपऱ्यात निवांत बसून होती. मी त्याला 'सोयीचं' म्हटलं होतं. तुला लिहूनसुद्धा.

कॅलिपर आदलाबदल करायला सकाळ पुरली. केबलचा वळसाही आपोआप गेला. पण काम करताना सारखं मनात येत होतं, तुला इतक्या लांबून हे कसं कळलं? तुला तर निपल वर की खाली हेही माहीत नसेल. तू विचारलंस ते फक्त तोंड.

मग आठवलं. घाटातल्या त्या दिवसाच्या थोडं आधी दादाने काकूचे मागचे ब्रेक केले होते. आणि त्या वेळी डिकीत तुझं शिलाई मशीन होतं. ते आतल्या दाराने घरात घ्यायचं, म्हणून दादाने गाडी मागे घेत आत लावली होती. तू मशीनचं एक टोक धरलं होतंस, मी दुसरं. मशीन उतरवलं आणि गाडी तशीच ठेवून तो ब्रेकला बसला.

खोकं उघडलं. ड्रमच्या आत एक छोटी दातेरी चाकी असते. लायनर झिजलं की ती आपोआप फिरते आणि शू पुढे सरकवून ड्रमजवळ आणते. दोन्हीकडच्या चाक्या दिसायला जुळ्या, पण आटे उलट. एकीची जागा दुसरीला दिली तर काय होतं? दर ब्रेकला शू पुढे येण्याऐवजी मागे जातात, थोडे थोडे. आज नाही कळत, उद्या नाही कळत. एक दिवस लांब उतारावर पेडल खाली जातं आणि पोचत नाही.

माझ्या चिठ्ठ्यांवर कुठली कुठून निघाली ते लिहिलेलं होतं. काकूला बाहेर काढून तोंड आत करून लावली, आणि ताडून पाहिलं. उलट होत्या. दोन्ही. दादाने सवयीने भिंतीकडची चाकी भिंतीकडेच बसवली होती, तोंड बाहेर असताना. शू रुसले नव्हते, वहिनी. त्यांना मागे ओढलेलं होतं.

दोन्ही चाक्या दादापुढे ठेवल्या. तो चहा पीत होता. त्याने एक उचलली, अंगठ्याने फिरवली. दुसरी फिरवली. चिठ्ठ्या वाचल्या. चहावर साय धरली.

"मशीन होतं डिकीत," तो म्हणाला.

"हो."

"तोंड बाहेर होतं."

"हो."

चाक्या खाली ठेवत म्हणाला, "पेडल तळाला गेल्यावर तिने काय केलं? तू विचारलंस कधी?"

"नाही. तू?"

त्याने मान हलवली. आम्हा दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. मग मीच जे ऐकून होतो ते सांगितलं. तू गिअर खाली खाली आणलेस, हँडब्रेक एकेक दात ओढलास, आणि शेवटी दरीकडे न जाता मातीच्या बाजूला गाडी घासत घासत थांबवलीस. बसच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, तो मागे होता.

दादा म्हणाला, "मला नसतं जमलं." आणि उठून बाहेर गेला. अंगणात काही काम नव्हतं.

भावजी


३ जानेवारी

वहिनी,

पेडल दगडासारखं आहे. वरच्या वर लागतं.

हवा काढायला दादा बसला. मी विचारलंही नव्हतं. चाकाखाली गेलो, आणि वर सीट कण्हली. "सांग," तो म्हणाला.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं." त्याचा आवाज वरून असा यायचा जसा तो मला नाही, दुसऱ्याच कुणाला सांगतोय. एकदा मी "सोड" म्हटलं तरी त्याने सोडलं नाही. मी पुन्हा म्हटलं. "सोडतो रे," तो म्हणाला, "जरा वेळ दे." नळीत शेवटचा बुडबुडा आला, बारीक, मोहरीएवढा. त्यानंतर नुसता मध.

टॅक्सीवाला काल आला. गिऱ्हाईकं होती, सूतरावही होता. टॅक्सीवाल्याने काकूकडे बघून सुरुवात केली, "काय मालक, बाईमाणसाचा पाय..." दादाने हातातलं काम ठेवलं.

"ऐका," तो म्हणाला. सगळ्यांना. "ब्रेक मी चुकवले होते. चाक्या उलट बसवल्या होत्या. मी. तिने पाय ठेवला म्हणून नाही गेले. तिचे हातपाय जागेवर होते म्हणून गाडी थांबली. मी असतो तर दरीत असतो."

टॅक्सीवाला म्हणाला, "अहो मी आपलं गमतीने..."

"गंमत माझी होती," दादा म्हणाला. "मीच सुरू केली होती. आता बंद."

सूतराव हळूच मला म्हणाला, "एका सुताचाही फरक नाही. बरोबर बोलला." मग घसा खाकरून निघून गेला.

आज सकाळी आम्ही काकू घाटात नेली. ढगात शिरलो. समोर रस्ता फक्त एका गाडीपुरता दिसत होता, जसजसं पुढे जावं तसतसा कुणीतरी अंथरत असल्यासारखा. अर्ध्या वाटेतून फिरलो आणि खाली आलो, मुद्दाम ब्रेकवर ब्रेक देत. खाली पोचून मी डिस्कजवळ तळहात नेला. गरम होती, पण वारा तिच्यातून जात होता. वास नाही, धूर नाही. चढावर हँडब्रेक ओढून सोडून पाहिली. उभी राहिली.

दादाला विचारलं, वहिनीला काय लिहू?

"गाडी झाली म्हणून लिही."

"आणखी?"

तो नखातलं काळं काढत बसला. "आणखी मला लिहिता येत नाही. ती आली तर बोलेन. नाही आली तर तू गाडी नेऊन दे."

कळव म्हणाली होतीस. कळवतो. गाडी झाली आहे.

भावजी


२८ जानेवारी

वहिनी,

तू आलीस त्या दिवशीचं तुला काय सांगायचं, तू होतीसच. पण तू गाडीत बसली होतीस तेव्हा गाडीमागे काय चाललं होतं ते तुला कळलं नसणार, म्हणून लिहितो.

तुम्ही दोघं आत बोलत होतात तेवढा वेळ मी अंगणात काकूच्या काचा पुसत होतो. पुसून झालेल्या पुन्हा पुसल्या. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. आधी त्याचा एकट्याचाच. मग तुझा, आणि तो चांगलाच चढा. मग कुणाचाच नाही. मग तू बाहेर आलीस, डोळे धुतल्यासारखे, आणि मला म्हणालीस, "भावजी, किल्ली." मी दिली. मला वाटलं संपलं.

तू गाडी सुरू केलीस, पेडलवर पाय दिलास आणि एकदम माझ्याकडे बघितलंस. तुझा चेहरा मी तसा कितीतरी महिन्यांनी पाहिला. तेवढ्यात दादा दारात आला. हातात हत्यारांची पिशवी, आणि पिशवीतून शर्टाची बाही लोंबत होती.

"हँडब्रेकची केबल काकूला नवी आहे," तो म्हणाला.

"मग?" तू.

"नवी केबल ताणते. दोन-चार दिवसांनी आवळावी लागते."

"आमच्या गावात आवळणारे नाहीत का?"

"काकू त्यांच्या ओळखीची नाही."

"आणि तुम्ही शर्ट घेऊन केबल आवळता वाटतं?"

तो मागच्या चाकाशी उभा राहिला, माझ्या शेजारी, आणि मला ऐकू जाईल इतकंच म्हणाला, "अरे, काहीतरी बोल ना." मला कधी वेळेवर काही सुचलंय? मी म्हटलं, "वहिनी, ताणते. खरंच ताणते." तू आरशातून आमच्याकडे बघत होतीस. मग पलीकडचं दार आतून उघडलंस.

वळणाशी तू ब्रेक दाबलास, दिवे लागले, आणि ढगाने तुम्हाला आत घेतलं. लाल दिवे तेवढे काही वेळ ढगात राहिले. मग तेही विरले. मी इतके दिवस तू परत येशील की नाही एवढंच मोजत होतो. दादाच जाईल हे एकदाही मनात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी शटर अर्ध्यावरच ठेवलं. गिऱ्हाईक आलं तर मालक नाहीत म्हणायचं ठरवलं होतं. टेंपोवाला वाकून आत आला. "दादा कुठे?" म्हटलं, बाहेरगावी. "मग माझा क्लच कोण बघणार?" मी थोडा वेळ त्याच्या चपलांकडे बघितलं. मग म्हटलं, "आणा आत. तोंड आतच करून लावा." त्याचा क्लच मला जमला. काल दुसऱ्या गाडीच्या ब्रेकची हवा काढायला सूतरावाला पेडलवर बसवलं. तो 'दाबलं' म्हणत नाही, किती सूत दाबलं ते सांगतो. शटर आता पूर्ण वर असतं. जेवताना ताटलीचा आवाज होतो, होऊ देतो.

बसच्या ड्रायव्हरने आज पुन्हा हॉर्न वाजवला. म्हणाला, दादाचा निरोप आहे, केबल अजून ताणतेच आहे, आणखी काही दिवस लागतील. सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली.

वहिनी, केबल इतके दिवस ताणत नाही. पहिल्या आठवड्यात बसते ती बसते. हे दादालाही माहीत आहे, तुलाही आता माहीत असेल. त्याला तसं बोलून दाखवू नकोस. त्याला म्हण, घाई नाही, नीट ताणू दे. इकडचं मी बघतो.

भावजी